दिपोटीसाहेबांनी बाग तपासली

वाढून रान झालेली बाग साफ करायला निघालेल्या नवख्या माणसाला मी आजही तीन गोष्टी सांगतो. पहिली, विहिरीकडे जाणारी वाट तेवढी मोकळी करावी आणि थांबावे. दुसरी, पुढचे बारा महिने कोणत्याही झाडाला कोयता लावू नये. कोणते केव्हा पानावर येते, केव्हा फुलावर येते आणि केव्हा उघडे पडते, हे वहीत लिहून ठेवावे. तिसरी, एखादे झाड वाळले असावे अशी शंका आली, तर अंगठ्याच्या नखाने त्याची साल किंचित खरवडून पाहावी. खाली हिरवे दिसले तर झाड जिवंत आहे. तिसरीतल्या मुलालाही जमतील अशा या गोष्टी. ज्यांच्यामुळे त्या मला कायमच्या पाठ झाल्या, त्या गृहस्थांनी तिन्ही एका आठवड्यात मोडल्या.

त्यांचे नाव गुंडेराव नरगुंदकर. मराठी शाळांचे तपासनीस म्हणून त्यांनी सगळी नोकरी काढली. खेड्यापाड्यांत या हुद्द्याला 'दिपोटी' म्हणत, आणि गुंडेराव निवृत्त झाल्यावरही दिपोटीसाहेबच राहिले. दुसऱ्या महायुद्धाच्या आधी वर्षभर ते धारवाडात, माळमड्डीला, माझे शेजारी होते. आमच्या दोन आवारांमध्ये कमरेइतक्या उंचीची दगडी भिंत होती. त्या भिंतीच्या अलीकडे उभा राहून मी जे पाहिले, तेच येथे सांगतो.

शेजार होण्यापूर्वी त्यांची-माझी एकदा गाठ पडली होती. मी ज्या शाळेत शिकवीत असे, ती तपासायला ते एका सकाळी आले. डोक्याला जरीकाठी रुमाल, काखेत काळी छत्री, खिशात एका टोकाला तांबडी आणि दुसऱ्या टोकाला निळी अशी पेन्सिल. त्या दिवशी माझा वर्ग सावलीत बसून पिंपळाच्या पानावरच्या शिरा काढीत होता. गुंडेरावांनी कोणाच्याही पाटीकडे पाहिले नाही. त्यांनी वर्गाला उभे केले, उंचीप्रमाणे रांगेत लावले, दोन बुटक्या मुलांची जागा बदलली, घड्याळ पाहिले आणि शेरेबुक मागवले. माझ्या नावापुढे त्यांनी लिहिले : 'शिक्षक परिश्रमी. दृष्टीचा अभाव.' मग निळ्या टोकाने परिश्रमाखाली एक रेघ आणि तांबड्या टोकाने दृष्टीखाली दोन.

शेजारच्या गावच्या शाळेला मात्र त्याच फेरीत उत्तम शेरा मिळाला. तिथल्या हेडमास्तरांनी आदल्या दिवशी भिंतींना चुना दिला होता आणि दारावर झेंडूची माळ बांधली होती. "एका दृष्टिक्षेपात कळते, मास्तर!" हे गुंडेरावांचे आवडते वाक्य. त्या एका दृष्टिक्षेपासाठी अख्ख्या जिल्ह्यातील शिक्षक आदल्या दिवशी चुना कालवीत, हे त्यांना निवृत्त होईपर्यंत कळले नाही.

माळमड्डीचे ते घर पूर्वी एका वकिलांचे होते. वकील वारल्यावर पाच-सहा वर्षे बागेला कोणी विचारले नाही. घाणेरीने दोन बाजू व्यापल्या, गुळवेल सीताफळावर चढली, मोगऱ्याचे जाळे झाले, घायपाताची पाती वाटेत आडवी आली. वकिलांचा जुना माळी निंगप्पा मागच्या खोलीत राहून विहीर तेवढी उपशी ठेवीत असे. आणि दक्षिणेच्या कोपऱ्यात एक पांढरा चाफा होता. जाड, राखी, हत्तीच्या सोंडेसारख्या वळलेल्या फांद्यांचा.

घर पाहायला नवरा-बायको वैशाखात आले होते. गुंडेराव ओसरीवर खरेदीखताचा मसुदा वाचीत बसले. त्यांची पत्नी अंबक्का एकट्याच मागे फिरून आल्या. त्या वेळी चाफा पूर्ण बहरात होता आणि खाली फुलांचा सडा पडला होता. पदरात ओंजळभर फुले घेऊन त्या आल्या आणि भिंतीपलीकडे उभ्या असलेल्या माझ्या बायकोला म्हणाल्या, "घर कसं का असेना हो. हे झाड हाय, तर आपण इथं राहायचं."

या बोलण्यामागे काय होते, ते मला माझ्या बायकोकडून पुढे कळले. गुंडेरावांच्या प्रत्येक बदलीच्या गावी अंबक्कांनी भाड्याच्या घराच्या अंगणात काही ना काही लावले होते. रोणला अनंत, नवलगुंदला पारिजातक, कलघटगीला सोनचाफा. एकाचेही फूल त्यांनी पाहिले नाही. कळी धरायच्या सुमारास बदलीचा हुकूम येई. आता साठीला टेकल्यावर नवे रोप लावून वाट पाहण्याइतका धीर त्यांच्यात नव्हता. आधीच फुललेले झाड त्यांना पहिल्यांदाच मिळाले होते.

निवृत्त होऊन बिऱ्हाड हलवायला पौष उजाडला. येऊन आठ दिवस होतात न होतात तोच अंबक्कांना भाचीच्या बाळंतपणासाठी गदगला जावे लागले. टांग्यात बसता बसता त्यांनी नवऱ्याला बजावले. हे मी स्वतः ऐकले आहे.

"बागेचं काय करायचं ते करा. सगळं काढलात तरी चालतंय. कोपऱ्यातला तो चाफा तेवढा ठेवा म्हणजे झालं."

"अगं, मी काय आंधळा आहे?" दिपोटीसाहेब म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी बागेची तपासणी सुरू झाली. मी हा शब्द थट्टेने वापरीत नाही. तो त्यांचाच आहे. "निम्मे विद्यार्थी नापास करायला हवेत, मास्तर," भिंतीशी येऊन ते मला म्हणाले. "गर्दी फार आहे. साधेपणा पाहिजे. प्रत्येक झाड स्वतंत्र दिसले पाहिजे."

साधेपणा पाहिजे, हे त्यांचे म्हणणे बरोबर होते. बागेत गर्दी खरोखरच फार होती. मूर्ख माणसाच्या तोंडी योग्य विचार आला, म्हणजे त्याला अडवणे किती अवघड होते, ते मी तेव्हा पाहिले.

त्यांनी दोन मडकी मागवली. एकात तांबडी काव कालवली, दुसऱ्यात कपड्यांची नीळ. निळीचा पट्टा ओढलेले झाड उत्तीर्ण. कावेचा पट्टा ओढलेले अनुत्तीर्ण, म्हणजे निंगप्पाच्या कुऱ्हाडीचे धनी. हातात हजेरीची कोरी वही घेऊन ते प्रत्येक झाडापुढे उभे राहात, घड्याळ काढीत, आणि एका मिनिटाच्या आत निकाल देत. परीक्षेची कसोटी एकच : तपासणीच्या दिवशी झाड कसे दिसते.

पौषातल्या कोरड्या दिवसांत सगळ्यांत टवटवीत कोण असणार? घाणेरी. तिच्यावर तांबड्या-पिवळ्या फुलांचे झुबके होते. गुंडेरावांनी तिला निळीचा पट्टा तर दिलाच, वर वहीत 'नियमित, प्रसन्न' असा शेरा लिहिला. जिच्यापायी शेतकरी बांधाबांधाने कपाळाला हात लावतो, ती घाणेरी माळमड्डीत पहिल्या क्रमांकाने उत्तीर्ण झाली. पानझडीला लागलेले सीताफळ नापास झाले. मोगऱ्याला फुले नव्हती; तो नापास. कुंड्या उंचीप्रमाणे रांगेत लावल्या गेल्या, त्यात तुळस सगळ्यांत बुटकी म्हणून भिंतीच्या सावलीत गेली आणि पंधरा दिवसांत पिवळी पडली. वाटांच्या कडेला सुतळी ताणून विटा रचल्या आणि विटांना चुना दिला.

मग ते चाफा शोधू लागले.

बायकोची आज्ञा त्यांना पाळायची होती, हे मी कबूल करतो. चाफा म्हणजे फुलझाड. फुलझाडाला पाने असणार आणि थोडीफार फुलेही असणार, अशी त्यांची समजूत. आवाराला चार कोपरे. उत्तरेच्या कोपऱ्यात पिवळी कण्हेर होती, हिरवीगार, पिवळ्या घंटांसारखी फुले लोंबत असलेली. तिच्यापुढे ते थांबले आणि त्यांचा चेहरा उजळला. तिला निळीचे दोन पट्टे मिळाले. शिवाय बाजारातल्या एका रंगाऱ्याकडून पत्र्याची पाटी करवून त्यांनी तिच्या बुंध्याला बांधली : 'क्रमांक १. चाफा. सौ. करिता.'

दक्षिणेच्या कोपऱ्यात खरा चाफा उभा होता, पौषात असतो तसा. एकही पान नाही. नुसत्या राखी, खुंटासारख्या फांद्या. गुंडेरावांनी छत्रीच्या टोकाने त्याला दोनदा ठोकले आणि कावेचा कुंचला उचलला.

निंगप्पा पुढे झाला. "ब्याडरी, साहेब्रे. सत्तिल्लरी ह्यो. मलग्याद."

गुंडेरावांचे कानडी, इतकी वर्षे कानडी मुलुखात काढूनही, तीन शब्दांचे होते : बा, होगु, तगि. ये, जा, काढ. त्यांनी माझ्याकडे वळून विचारले, "काय म्हणतोय हा?"

"मेलेले नाही म्हणतो," मी म्हणालो. "झोपलेले आहे."

"झोपलेले!" ते मोठ्याने हसले. "तपासणीच्या दिवशी झोपलेल्याला मी काय करीत असे, ते याला सांगा, मास्तर. तगि!"

निंगप्पा हलला नाही. "अक्कावर सांगून गेल्यात, साहेब," तो आता मराठीत बोलला. "कोपऱ्यातलं झाड ठेव म्हणून."

"ते ठेवले आहे. पाटी बांधली आहे. तुला वाचता येत नाही, त्याला मी काय करू?" मग एखाद्या परीक्षकाने दुसऱ्या परीक्षकाचे मत घ्यावे, तसे ते मला म्हणाले, "काय हो, तुमचे निसर्गशास्त्र काय म्हणते?"

मी भिंतीशी होतो. चाफा हाताच्या अंतरावर होता. अंगठ्याचे नख लावायला एक क्षण लागला असता. अंबक्का टांग्यातून काय बोलल्या, तेही मी ऐकले होते. पण माझ्या डोळ्यांपुढे शेरेबुकातल्या त्या दोन तांबड्या रेघा होत्या. या माणसाला एकदा सगळ्यांसमोर नापास झालेले पाहावे, अशी इच्छा माझ्या मनात इतकी जोराने उठली, की मी म्हणालो, "आपली दृष्टी, साहेब. मी काय सांगणार?"

त्यांना ती स्तुती वाटली. कुऱ्हाड पडली. फांदी तुटली तसा पांढरा चीक धारेने वाहू लागला. मेलेल्या झाडातून दूध येत नाही, हे पाहूनही ज्याला समजले नाही, त्याने आयुष्यभर शाळा तपासल्या होत्या.

निंगप्पाने बुंधा आणि फांद्या ओढीत नेल्या आणि गोठ्याच्या मागे भिंतीशी रचून ठेवल्या. जळणाला त्या ओल्या, चिकट फांद्यांचा उपयोग नव्हता.

अंबक्का फाल्गुनात परतल्या. बाग तोवर खरोखर साधी झाली होती. चुन्याच्या विटा, सरळ वाटा, मधे उघडी मुरमाड जमीन आणि दोन बाजूंना माजलेली घाणेरी. त्या दारातून थेट दक्षिणेच्या कोपऱ्याकडे गेल्या. तिथे एक सपाट खुंट होता आणि त्यावर उंचीप्रमाणे तीन कुंड्या.

"चाफा कुठं हाय?" त्यांनी विचारले.

"हा काय!" गुंडेराव लगबगीने उत्तरेकडे निघाले. "इकडे ये. खास पाटी करवून घेतली आहे तुझ्यासाठी. वाच."

अंबक्कांनी पाटी वाचली. मग कण्हेरीकडे वरपासून खालपर्यंत पाहिले. गुंडेराव शाबासकीसाठी उभे होते. बक्षीससमारंभात मुले उभी राहतात, तसे.

"ह्याच्या बिया खाल्ल्या तर म्हैस मरते," त्या म्हणाल्या.

"म्हणजे?"

"म्हणजे काही नाही, दिपोटीसाहेब. चांगलं केलंत. सगळं स्वच्छ झालं."

त्या रडल्या नाहीत, भांडल्याही नाहीत. पण त्या दिवसापासून नवऱ्याला 'अहो' म्हणणे त्यांनी सोडले. "दिपोटीसाहेब, पान वाढलंय." "दिपोटीसाहेब, धोतर वाळलंय बघा." जिल्ह्याने भीतीने दिलेली ती पदवी अंबक्कांच्या तोंडी इतकी शांतपणे येई, की भिंतीपलीकडे मलाच अवघडल्यासारखे होई. गुंडेरावांना आपली चूक कोणी समजावून सांगितली नाही. निंगप्पाने सांगितले असते, तर त्यांनी ऐकले नसते. आणि मला ती सांगण्याचा अधिकार उरला नव्हता. त्यांची त्यांना ती कळत गेली. सकाळी पूजेला फुले नसत. एकदा त्यांनी कण्हेरीची पिवळी फुले तबकात आणून ठेवली. अंबक्कांनी ती उचलून बाजूला सारली आणि देवाला नुसत्या अक्षता वाहिल्या.

वैशाखात एका सकाळी निंगप्पा मागच्या दारी आला. "अक्कावर, बर्री. हितं बघा."

गोठ्यामागे, ज्या ढिगावर चार महिने कोणी पाण्याचा थेंबही टाकला नव्हता, तिथल्या तोडलेल्या फांद्यांना टोकाशी कोवळी पाने फुटली होती. एका आडव्या पडलेल्या फांदीवर तर फुलांचा तुरा होता; पाच-सात पांढरी फुले, गाभ्याशी पिवळी. चाफ्याची फांदी आपल्या पोटातल्या ओलाव्यावर महिनोन्‌महिने तग धरते. तिचा चीक सुकू देऊन मगच ती लावावी लागते. त्या दृष्टीने निंगप्पाच्या ढिगाने, कोणी न सांगता, नेमके योग्य तेच केले होते.

अंबक्का तिथेच भुईवर बसल्या. गुंडेराव हातात दात घासायची राखुंडी घेऊन मागे येऊन उभे राहिले.

"हे… हे तेच का?" त्यांनी विचारले.

"तेच," अंबक्का म्हणाल्या. "तुमचं नापास झालेलं."

त्या दिवशी फांदी दक्षिणेच्या कोपऱ्यात लावली गेली. अंबक्कांनी जागा दाखवली, निंगप्पाने खड्डा खणला, आणि गुंडेराव कुंड्या उचलून बाजूला करू लागले. त्यांना काम करताना मी पहिल्यांदाच पाहिले. अर्थात त्यातही त्यांनी घालायचा तो घोळ घातलाच. सकाळ-संध्याकाळ ते फांदीला बादलीभर पाणी घालीत आणि भर उन्हात तिच्यावर स्वतःची छत्री धरून उभे राहात. रुमाल घामाने भिजलेला, घड्याळ हातात. किती वेळ सावली दिली, ते मोजण्यासाठी. मूर्खपणाचा इतका पद्धतशीर नमुना मी दुसरा पाहिला नाही.

तीन दिवस मी भिंतीपलीकडून पाहिले. चौथ्या दिवशी मात्र मला गप्प राहवले नाही. तेवढा अनुभव माझ्याही पदरी पडला होता.

"साहेब, चाफ्याला सावली नको," मी म्हणालो. "आणि पाणी आठवड्यातून एकदा, तेही थोडे. नाहीतर बूड कुजेल."

आता शेरा येणार, अशी माझी अपेक्षा होती. त्यांनी छत्री मिटली. "मग मी काय करू?" त्यांनी विचारले.

"वर्षभर काही करू नका. नुसते पाहा."

"नुसते?" त्यांना हे काम फार अवघड वाटले, असे दिसले. तरी त्यांनी ते केले. वही घेऊन ते रोज तिथे खुर्ची टाकून बसत. पाटी मात्र त्यांनी बांधलीच. ती सवय जाणार नव्हती. त्यावर लिहिले होते : 'पुनर्परीक्षेस बसविले.' अंबक्कांनी ती उलटी करून कोऱ्या बाजूने बांधली. गुंडेरावांनी ती पुन्हा सुलटी केली नाही.

त्यांना मी शेवटचे नीट पाहिले ते पुढच्या पौषात. त्यानंतर माझी हुबळीला बदली झाली आणि माळमड्डी सुटली. त्या दिवशी त्यांच्या जागी आलेले नवे दिपोटी त्यांना भेटायला आले होते. तरुण, चपळ, हातात वेताची छडी. गुंडेराव त्यांना बाग दाखवीत होते. चुन्याच्या विटांचे कौतुक झाले, घाणेरीचेही झाले. हिंडत हिंडत दोघे दक्षिणेच्या कोपऱ्यात आले. चाफ्याची फांदी कमरेइतकी झाली होती, पण पौष असल्याने तिच्यावर एकही पान नव्हते. जमिनीत रोवलेला एक राखी खुंट, इतकेच.

"आणि ही वाळकी काठी कशाला ठेवलीत, साहेब?" तरुण दिपोटी म्हणाले. "एवढ्या टापटिपीच्या बागेत डोळ्यांत खुपते." त्यांनी छडीच्या टोकाने तिला ठोकले. "मेली आहे. एका दृष्टिक्षेपात कळते."

भिंतीशी मी उभाच होतो. या वेळी बोलायचेच, असे ठरवून मी तोंड उघडले; पण गुंडेराव आधीच वाकले होते. त्यांनी डाव्या हाताने फांदी धरली आणि उजव्या अंगठ्याच्या नखाने साल थोडी खरवडली. राखी सालीखाली ओला हिरवा ठिपका उमटला. तो त्यांनी पाहुण्यांना दाखवला. बोलायला त्यांना योग्य मराठी शब्द सापडेना म्हणून, की आणखी कशासाठी, ते मला माहीत नाही, पण ते कानडीत, निंगप्पाच्याच शब्दात बोलले.

"मलग्याद," ते म्हणाले. मग हळू आवाजात, "उठेल."

तरुण दिपोटींना हे कळले नाही. त्यांनी हसून पुन्हा छडी उचलली.

"दिपोटीसाहेब," घरातून अंबक्कांची हाक आली, "चहा निवायलाय बघा."

पाहुणे घराकडे वळले. गुंडेराव वळले नाहीत. छडी आणि ती फांदी यांच्या मध्ये, काळी छत्री काखेत घट्ट धरून, ते तसेच उभे होते.